लेण्यांच्या वाटेवर शिरूर

रवीदादा,

दशम्या फडक्यात बांधत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. “अने, आधारकार्ड आन् दोन फोटो घे. तळ्यात होडीला लागत्यात.”

लग्नानंतर तू मला कुठंच फिरायला नेलं नाहीस. आता एकदम तळ्याकाठची लेणी, निघोजचे रांजणखळगे. मग रविवार सोडून बुधवार कशाला? वहिनी म्हणाली, “वाटेत शिरूरला कचेरीत पाच मिनिटांचं काम हाय.” आपल्या आप्पांच्या जमिनीवरचा माझा हक्क सोडायला सही हवी असेल, तर घरी येऊन माग की. तोंडावर म्हणवत नाही, म्हणून लिहून ठेवते. लेणी मला खरंच बघायची आहेत.

तुझी
अनिता

ता. क. आज सकाळी वाटेत न्हावऱ्यात चहा घेताना मी सांगितलं, आधारकार्ड घरी राहिलं. “लेणी काय पळून जात्यात? पुढच्या बुधवारी बघू,” म्हणत तू तिथूनच गाडी माघारी वळवलीस.