मागच्या खोलीचा कब्जा

ता. ३, सोमवार

आले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं. ते खोकं उचलताना टॅक्सीवाल्याची कंबर धरली. आत विटा आहेत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, विटाच आहेत, कायद्याच्या. तो काही हसला नाही.

नव्या नोकरीचं ऑफिस म्हणजे एक दुमजली घर आहे. खाली वकिली, वर माझ्या दोन खोल्या. दारावरची पाटी ऐटदार आहे: जमीनजुमला, जागावापर आणि व्यापारी करार. जमिनीचे खटले मालकीणबाई लढतात, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. करारांचं काम त्यांचे भाऊ बघतात, ते सगळ्यांचे 'दादा'. दोघंही साठी उलटलेली, दोघांनीही लग्न केलेलं नाही, आणि प्रिंटरमध्ये कागद कोणी भरायचा यावरून सकाळपासून भांडतात. मला दोघंही पाहताक्षणी आवडली.

वरची मोठी खोली मी धाकटीसाठी ठेवली आहे. आई गेल्यापासून माझी ही बहीण मावशीकडे राहते. मावशी चांगली आहे, पण परक्या घरात कपाटाचा एक कप्पा मिळतो आणि तेवढ्यातच मावावं लागतं. डोक्यावर छप्पर आलं की तुला बोलावते, असा शब्द मी तिला दिला होता. परीक्षा संपली की ती बावीस तारखेला येणार. फोनवर आनंदाने किंचाळली तेव्हा माझा कान बधिर झाला.

ता. ५, बुधवार

काम मस्त आहे. एका अशिलाला बागेसाठी राखलेल्या तुकड्यावर गॅरेज हवंय, आणि त्याच्या शेजाऱ्याची भिंत वीतभर आत सरकली आहे. दोघांनी मिळून गप्प बसावं तर दोघंही कोर्टात! जागावापर म्हणजे कोणाचा धूर कोणाच्या नाकात जावा याचा कायदा, असं बाई म्हणतात.

इथे एक विचित्र शिरस्ता मात्र आहे. जेवण झालं की बाई किंवा दादा, दोघांपैकी एक जण मागच्या खोलीत जाऊन बसतो. खिडकी उघडतो, खुर्ची मुद्दाम आवाज करत ओढतो आणि एखादी फाइल मोठ्याने वाचतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा! दोघांच्या भाषेत याला 'बसणं' म्हणतात.

मी विचारल्यावर दादांनी विषय बदलला. बाईंनी सरळ सांगितलं. परक्याच्या जागेत कोणी उघडपणे, मालकाला न जुमानता वर्षानुवर्षं राहिलं आणि मालकाने हूं की चूं केलं नाही, तर कायदा ती जागा राहणाऱ्याच्या पदरात टाकतो. त्यांच्या वडिलांनी हे घर असंच मिळवलं. घरात दुसरं कोणीही राहत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. पण मागच्या खोलीत कोणीतरी राहत होतं. कोण, ते वडिलांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आता तेच आपला हक्क मागतंय, तेही रीतसर. खोली एक दिवस जरी सोडली तरी ते ती धरतं, म्हणून बसायचं.

मी चेहरा गंभीर ठेवला. मनात म्हटलं, वकिलांच्या घरची भुतंसुद्धा कायद्याने वागतात बरं!

ता. १०, सोमवार

बाई आणि दादा एका अपिलासाठी दूरच्या गावी गेले. येईपर्यंत सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. निघताना बाईंनी तीनतीनदा बजावलं की बसायला चुकू नकोस. दादा गाडीत बसल्यावर पुन्हा खाली उतरले आणि तेच सांगून गेले.

दुपारी बसले. खोली लहान आहे. एक टेबल, एक लाकडी खुर्ची, आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन इथे कधी येत नाही. तरी खुर्ची गरम होती, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. क्षणभर दारापर्यंत मागे सरले, खोटं कशाला बोलू. मग त्याच खुर्चीत बसकण मारली आणि सिमेंटच्या गोदामाचा भाडेकरार पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचला. ऐकणाऱ्याला झोप लागली असेल.

ता. १२, बुधवार

खोलीत ओल्या टॉवेलचा वास. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली. काल मी ती खिडकीकडे ठेवली होती.

बसले. खालची ऊब हलली. बाकावर कोणी सरकून आपल्याला जागा द्यावी ना, तशी ती माझ्या मांडीखालून डावीकडे सरकली आणि तिथेच थांबली. अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ राग आला. मला जागा करून देणारं हे कोण? मी सरकून पुन्हा खुर्चीच्या मधोमध बसले. त्याला स्पष्ट सांगितलं की इथे जागा देण्याघेण्याचं काम माझं आहे.

घाबरले आहे. पण हलणार नाही. धाकटी या घरात येणार आहे आणि तिला पुन्हा कोणाच्या कप्प्यात राहायला मी लावणार नाही.

ता. १४, शुक्रवार

सापडलं! दोन पिढ्या वकिलांच्या गेल्या आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही म्हणजे कमाल आहे.

विरोधात राहिलं तर हक्क लागतो. परवानगीने राहिलं तर शंभर वर्षांनीही लागत नाही. जो परवानगीने राहतो तो पाहुणा, आणि पाहुणा कधी मालक होत नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे येतं. मग रोज खुर्ची अडवत कशाला बसायचं? त्याला परवानगीच देऊन टाकायची, म्हणजे त्याचा दावा मुळापासून संपला. किल्ल्या माझ्याकडे, म्हणजे ताबा माझा, म्हणजे परवानगी मीच देऊ शकते.

दुपारी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं: माझ्या ताब्यात जे काही आहे, त्यात तू आजपासून माझ्या परवानगीने राहतोस.

खुर्ची एकदम गार पडली. मी टाळी वाजवली. साप मेला आणि काठीही शाबूत! बाई आल्या की पेढीत भागीदारी मागणार आहे.

ता. १७, सोमवार

मागची खोली आता नुसती खोली आहे. वास नाही, ऊब नाही.

वर मात्र माझ्या पलंगावरची दुसरी उशी खोलगट झालेली दिसली. मी एकाच उशीवर झोपते. साबण सकाळी उठायच्या आधीच ओला. थकल्यावर माणसाला काहीही दिसतं म्हणून सोडून दिलं.

गॅरेजवाला अशील येऊन आभार मानून गेला. शनिवारी दुपारी मी त्याचं सगळं इतक्या शांतपणे ऐकून घेतलं म्हणे, एकदाही मध्ये तोडलं नाही. शनिवारी दुपारी मी वर झोपले होते. आणि मध्ये न तोडता मी आजवर कोणाचंही ऐकलेलं नाही, हे आमच्या घरी कोणीही सांगेल.

ता. १९, बुधवार

टाइप करताना डावा हात थांबला. नुसता थांबला नाही, तर मांडीवर जाऊन स्वस्थ बसला आणि अंगठ्याने तर्जनीचं नख चोळू लागला. ही सवय माझी नाही. उजव्या हाताने त्याला धरलं तेव्हा तो गरम होता. ती ऊब मी ओळखली.

बाईंना फोन केला, तेव्हा आवाज अजून माझा होता. सगळं सांगितलं. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: परवानगी देताना चतुःसीमा सांगितल्यास का?

नाही सांगितल्या.

कोणत्याही दस्तात जागेच्या चारही बाजू लिहितात. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, जागा कुठे संपते. शिकाऊ वकीलसुद्धा हे विसरत नाही. मी विसरले. म्हणाले, माझ्या ताब्यात जे काही आहे. माझ्या ताब्यात मागची खोली होती. वरच्या खोल्या होत्या. आणि मी होते.

बाई म्हणाल्या, परवानगी ताबडतोब रद्द कर, मोठ्याने, नीट सीमा सांगून. अपील सोडून दोघंही निघताहेत, पण शनिवारी संध्याकाळच्या आत पोचणं शक्य नाही. मागून दादांच्या रडण्याचा आवाज आला.

ता. २०, गुरुवार

रद्द करायला खोलीत उभी राहिले. 'रद्द' हा शब्द जिभेवर येईना. जीभ तोंडात पाहुण्यासारखी बसून राहिली. मग माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात, अगदी गोड उत्तर आलं की इथे छान आहे.

घर सोडून बस स्टँडवर गेले. उपयोग काय? ते घरात राहिलं नाही, माझ्याबरोबर आलं. बाकावर बसले तर डावा पाय आपलाच ठेका धरून हलत होता. शेजारी बसलेल्या एका म्हातारीने मला काही विचारलं आणि मी ऐकायच्या आत माझं उत्तर देऊन झालं.

परत आले. लढायचं तर माझ्या टेबलावर बसूनच. मी वकील आहे, हरायची वेळ आली तरी आधी तारीख मागेन.

ता. २१, शुक्रवार

धाकटीचा फोन. खूश होती. काल मी तिच्याशी किती प्रेमाने बोलले म्हणे. संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, सकाळच्याच गाडीने ये असं मीच सांगितलं. जे माझं ते सगळं तुझंही, असंही म्हणाले —

मी काल तिला फोन केलेला नाही.

येऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं. ऐकू आलं, लवकर ये गं, वाट बघतेय. ती लाजून हसली. आई गेल्यापासून मी तिच्याशी अशी बोललेच नाही, म्हणाली.

हेच जास्त लागलं.

मेसेज लिहिला. डाव्या हाताने पुसला. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला, आणि फोन खिडकीबाहेर टाकला.

उजवा हात अजून माझा आहे. डोळे — बहुतेक. रात्रभर जागी राहणार. आपण नसलेली जागा हे धरतं. मी माझ्यातून हलणार नाही.

ता. २२, शनिवार

सकाळी डुलकी लागली. जराशीच. जागी झाले तर उभी होते, केस विंचरलेले, धाकटीच्या खोलीत नवी चादर घातलेली. दोन उशा —

पायही त्याने घेतले. बसवत नाही. उभ्यानेच लिहितेय, वही भिंतीला टेकवून.

बोलून रद्द होत नाही, तर लिहून होईल. लेखी रद्द करणं तोंडीपेक्षा पक्कं असतं. हे पान दाराखालून सरकवणार. धाकटे, वाच. दार मी उघडलं तरी आत येऊ नकोस. मी गोड बोलले तर ती मी नाही. तुझी ताई तुझ्यावर खेकसते. तेच तिचं प्रेम आहे, तिला दुसरं जमत नाही. पळ. बाईंना गाठ.

खाली गाडी थांबली.

आता तू ऐक. मी, पूर्ण शुद्धीत, दिलेली परवानगी या लेखाने रद्द करते. खोलीची नाही. खोली हवी तर ठेव, ती तुझीच होती, म्हाताऱ्याने खोटी शपथ घेतली. पण हे शरीर माझ्या मालकीचं आहे, तू यातून आत्ता निघ. आणि या वेळी चतुःसीमा लिहिते, नीट —

वर: माझं डोकं, त्यातल्या सगळ्या भांडणांसकट.

खाली: माझे तळपाय. दोन्ही. परत कर.

जिन्यावर तिची पावलं. तोंड हाक मारतंय तिला. दात आवळले तरी मारतंय —

उजवीकडे: हा हात. हे लिहिणारा.

डावीकडे — डावा हात वहीवर आला. पेन ओढतोय. सोडणार नाही. तीन सीमा झाल्या, एक राहिली, एवढीच, लिहूनच —

डावीकडे: माझा खां