चारशे थ्रेड एका ओळीत

सांगली, ता. ९, सोमवार
बेदाण्याचा ऑनलाइन सौदा आज पुन्हा अकरा वाजून दोन मिनिटांनी ठप्प. व्यापारी शेवटच्या मिनिटापर्यंत हात राखून बसतात आणि सगळे एकदम बोली टाकतात. शिवाय भाव बघणारे शेतकरी, घरटी तीन फोन. सर्व्हरची मेमरी दुप्पट केली, एकाच वेळी मागण्या हाताळणारे थ्रेड दोनशेचे चारशे केले. अधिकच मंदावला. हे कसे शक्य आहे?
दोष माझ्या हाताखालच्या शुभांगी घाडगे यांच्या नव्या कोडचा, असे मी गेल्या आठवड्यात लेखी कळवले होते. पत्र सौदा चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, प्रती चार संचालकांना. शुक्रवारी शुभांगी यांना कामावरून कमी केले.

ता. ११, बुधवार
सौदा चालू असताना थ्रेड डंप घेतला. प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोठे उभा आहे, याची यादी. चारशेपैकी तीनशे सत्त्याण्णव कोडच्या एकाच ओळीपाशी खोळंबलेले. तीनदा घेतला. तेच.
ती ओळ शु. यांची नाही. माझी आहे, बारा वर्षांपूर्वीची. अनुक्रमांक तुटता कामा नये ही माझी बी.कॉम.ची खोड. म्हणून बोली टाकणारा असो वा भाव बघणारा, प्रत्येकाला क्रमांक, आणि क्रमांक देताना कुलूप: एका वेळी एकच. थ्रेड वाढवून मी फक्त रांग वाढवली.
शु. यांनी विचारले होते, "सर, नुसतं बघणाऱ्याला नंबर कशाला?" मी म्हणालो होतो, शिस्त.
चहा तसाच निवला.

ता. १३, शुक्रवार
कुलूप काढले. क्रमांक फक्त बोलीला, तोही डेटाबेसकडून. मधले काही गळतात. गळोत. थ्रेड पुन्हा दोनशे.
सौदा सुरळीत. तासगावच्या अडत्याचा फोन: "आवं सायेब, आज लय पळतंय की. त्या बाईला काढल्याचा गुण आला म्हणायचा."
फोन ठेवून थेट संस्थेत गेलो.
अध्यक्षांना खरे ते सांगितले. ते हसले. "कशाला अंगावर घेताय? ती गेली, इषय संपला."

ता. १४, शनिवार
शु. यांना त्यांच्या गावी वडूजला फोन केला. काहीही न वगळता सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग, "पत्र किती जणांकडं गेलं होतं, सर?"
पाच, म्हणालो.
"मग पाचांनाही लिहा. परत यायचं का, ते मी नंतर बघते."
दुरुस्तीची पत्रे दुपारीच हातोहात पाठवली. चार पोचली. अध्यक्षांचे पाकीट न फोडताच परत आले. सोमवारी त्यांच्यासमोर उभा राहून वाचून दाखवीन. त्यानंतर माझी खुर्ची राहते की जाते, ते त्यांनी ठरवावे.