होडीतल्या पुढच्या खुर्च्या

तुला,

आज तुझी नवी बायको माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात आली होती. मी कोण हे तिला ठाऊक नाही. लग्नाच्या वाढदिवसाला एखाद्या छान शहरात जायचंय, फक्त दोघांनी, असं म्हणत तिने दोन पासपोर्ट टेबलावर ठेवले. खालच्यात तुझा फोटो होता. गालांवर मांस चढलंय तुझ्या.

मी सगळं नीट आखलं. लिफ्टपासून लांबची खोली, उशिराचा नाश्ता, जुन्या पुलावरून पायी फेरफटका. नदीतली संध्याकाळची होडी मात्र वगळली. आपल्या लग्नानंतरच्या सहलीत तू धक्क्यावरच थांबला होतास. "गाईडबाई, तुम्ही या जाऊन. मला पाणी बघूनच मळमळतं." मी एकटी गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"होडी नाही घातलीत?" तिने विचारलं.

"काहींना त्रास होतो, म्हणून."

"यांना होतो की. पण म्हणाले, तू शेजारी असलीस की काही होणार नाही." ती लाजली. "वेडेच आहेत जरा."

मग मी होडी घातली. तिला अगदी पुढच्या खुर्च्या हव्या होत्या. तिथे सगळ्यात जास्त हलतं, हे मी सांगितलं नाही. आधी गोळी घ्यावी लागते, हेही नाही.

हे पत्र मिळालं तर तू गोळी घेऊनच होडीत चढशील. म्हणून ते माझ्या खणातच राहील.

गाईडबाई