दुसऱ्या देशाचा कायदा

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलंय हे वाचून डोकं फिरलं. लग्नापासून तू तिथे शिवणाचं मशीन चालवतेस, गिऱ्हाइकं तिथेच येतात. तू जाणार कुठे? त्याला ठणकावून सांग की भाडेकरूंची सभा झाल्याशिवाय कुणालाही काढता येत नाही. तसा कायदाच आहे. इथे आमच्या इमारतीत सगळ्यांच्या सामायिक कपडे धुण्याच्या खोलीत सभा भरते आणि मालक मुकाट्याने ऐकून घेतो.

भावोजींना नमस्कार. लोभ भाड्याने नको, कायमचा असावा.

तुझा,
धाकटा

२५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घोळ झाला. वकिलांना विचारलं. तो कायदा फक्त मी राहतो त्या या देशातला आहे, तुमच्याकडे तसं काही नाही. मालकाला काही बोलू नकोस, माझी चूक तुला घर सोडायला लावेल. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पोचेपर्यंत मी बोलून बसले होते. मालक वकिलाकडे गेला, आणि इकडे मी जिन्यावर सगळ्या भाडेकरूंची सभा भरवली. पायरी-पायरीवर माणसं बसली. बोलता बोलता मालकाची लबाडी उघडी पडली. तो प्रत्येकाला सांगत होता की बाकीचे सगळे खोली सोडायला कबूल झालेत, तुम्हीच अडून बसलात. प्रत्यक्षात कुणीच कबूल नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मालक हसतच आला, असा कायदाच नाही म्हणाला. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका शांतपणे म्हणाले, "नसेल. पण आता आम्ही सगळे एक आहोत. प्रत्येकावर दावा लावा, तुमचं आयुष्य पुरणार नाही." त्याचा चेहराच उतरला. काल सगळ्यांना नवा करार मिळाला, गळकं छतही तोच दुरुस्त करणार आहे.

तुझा देश शहाणा खरा, पण तिथे भाड्याचं घर मिळावं म्हणून वर्षानुवर्षं रांगेत नाव लावून तुझे केस पिकले. आमच्याकडे रांगही नाही आणि कायदाही नाही, आता निदान सभा तरी आहे. मला तर आनंदाने रडूच आलं.

इतकी वर्षं भिंतीला खिळा मारायचीही बंदी होती. आज दारावर माझ्या नावाची पाटी लागली. खिळा मी ठोकला, मालकाने स्टूल धरलं.

आहेस तसाच राहा, माया आहेच.

तुझी,
ताई