बुटांच्या कपाटातली बाटली

३ जून

आज एका गृहस्थाने मला दारुडी ठरवलं! भर सकाळी दहाला, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. पाय टाकायला गेले एका पायरीवर, पडला तिसरीकडेच. कठडा धरून अर्धी गिरकी घेतली आणि उभी राहिले. मागून आवाज — "काय मावशी, सकाळी सकाळीच?"

मी! कॉन्व्हेंट शाळेत सलग तीन वर्षं चालीचं बक्षीस मिळवलेली मी. सिस्टर आमच्या डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून आम्हाला व्हरांड्यातून चालवायच्या. माझा एकदाही पडला नाही.

आधी हसू आलं. घरी येऊन थोडं रडले. मग चहा केला. निम्मा बशीत.

९ जून

शेवटी ह्यांनी डॉक्टरांकडे नेलंच. कितीतरी महिने मी वेळ मारून नेत होते. वाचनालयात पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायला जावं, तर तो टेबलावर. ब्लाउजची बटणं म्हणजे तासाभराची लढाई. लेक फोनवर विचारते, "आई, झोपेतून उठलीस का गं?" — जीभ इतकी जड.

डॉक्टर म्हणाले, बोट आधी माझ्या बोटाला लावा, मग तुमच्या नाकाला. माझं बोट थेट चष्म्याच्या काचेवर! तेही हसले, मीही हसले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी असं चालायचं?"

"माझे बाबा. पण ते प्यायचे."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "तुम्ही त्यांना पिताना पाहिलंय?"

पिताना नव्हतं पाहिलं. बाटली पाहिली होती.

१० जून

ती बाटली! चपटी, हिरव्या झाकणाची. बुटांच्या कपाटात असायची, दार अर्धवट उघडं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तेव्हा वाटायचं, बाबांना लाज कशी नाही?

बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढे ते हातातून सांडायला लागले, तेव्हा मालकाने त्यांना गोदामात कागद मोजायला बसवलं. संध्याकाळी झोकांड्या खात यायचे. आई दारातच सुरू — "आलात दिवे लावून?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. बाबा कधी उलटून बोलले नाहीत.

शाळेतून न्यायला आले की मी दहा पावलं पुढे चालायचे. मोजून दहा.

आणि अकरा वर्षांची असताना मी ती बाटली मोरीत ओतली! सिस्टर म्हणायच्या, दारूचा नुसता वाससुद्धा आत्म्याला डाग पाडतो. म्हणून नाक घट्ट दाबून ओतली. बाबांनी पाहिलं. मला वाटलं, आता मार. तर ते भिंतीला टेकून हसत बसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा भरलेली! त्या हसण्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही.

११ जून

काही सुचत नाही. दिवसभर बाबा.

२ जुलै

रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला. अटॅक्सिया. घराण्यातून उतरणारा. डॉक्टरांनी कागदावर डोकं काढलं आणि मागच्या बाजूला फ्लॉवरचा गड्डा. हा लहान मेंदू. हातापायांत ताकद आहे, मोठा मेंदू हुकूमही सोडतो, पण किती आणि केव्हा हे माप लहान मेंदूकडे. त्याचं माप हळूहळू चुकत जातं. म्हणून शिक्का टेबलावर, बोट चष्म्यावर.

बरा होत नाही. सावकाश वाढतो. व्यायामाने पाय बराच काळ साथ देतात. "आणि हो," डॉक्टर म्हणाले, "तुमचे वडील प्यायचे नसतीलच, असं मी म्हणू शकत नाही. पण हा आजार तुम्हाला कुणाकडून तरी आलाय."

म्हणजे बाबा. निर्दोष, आणि जन्मभर दारुडे.

मला माझ्या लग्नाची सकाळ आठवली. मी त्यांना म्हटलं होतं, "आज तरी पिऊ नका." ते म्हणाले, "बरं बाळ." आणि दिवसभर खुर्चीवरून उठले नाहीत. पाणी प्यायलासुद्धा नाही. पाहुणे म्हणाले, बघा, पोरीसाठी एक दिवस पाळला हो!

दोन वर्षांनी गेले.

५ जुलै

लेकीला सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवूनच फोन केला. तिलाही असू शकतो, निम्मी शक्यता, हेही सांगितलं. ती म्हणाली, "तपासायचं की नाही ते माझं मी ठरवीन. तू सांगितलंस ते बरं केलंस." आणि मग — "आता तुझ्या चहाची बशी मोठी आणायला हवी!"

लेक माझीच आहे, शोभते.

१५ जुलै

व्यायामवाल्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. फरशीवर पट्टी चिकटवतात आणि टाचेला अंगठा लावून चालायला लावतात. मी सांगितलं, डोक्यावर शब्दकोश ठेवा, जास्त चांगलं जमेल. "आधी पट्टीवर या, मग शब्दकोशाचं बघू!" आज सलग सहा पावलं! ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

काठी आणलीय. वाचनालयात शिक्क्यासाठी पुठ्ठ्याची चौकट केलीय, तारीख बरोबर खिडकीत बसते. ब्लाउजला बटणांऐवजी वेल्क्रोची पट्टी. ह्यांना मी आता 'कठडा' म्हणते. "कठड्याला चहा मिळेल का?" म्हणून स्वयंपाकघरात येतात.

२८ जुलै

सगळं सुरळीत, एक सोडून. आई.

चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि मी चोरासारखी टाळतेय. लहानपणी रस्त्यावर ती मला नेहमी पुढे चालायला लावायची, स्वतः मागे. "पाय बघू. नीट टाक." तिच्यासमोर चाललं की संपलं. आणि माझं सांगितलं की बाबांचंही सांगावं लागणार. एका आजारी माणसाला तू जन्मभर घालूनपाडून बोललीस, हे या वयात तिला कसं सांगायचं? न सांगावं, तर बाबांच्या नावाला लागलेला डाग कोण पुसणार? त्यांना ओळखणारी माणसं तरी किती उरलीत! ती आणि मी.

हे म्हणतात, "तू कशाला सांगतेस? तिच्या दारात एकदा पड, आपोआप कळेल."

१० ऑगस्ट

सांगितलं. काठी टेकत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. माझं, अगदी 'कठड्या'सकट, मग बाबांचं. आवाज कापत होता, तो आजाराने नव्हे.

आई रडली नाही. नवलही वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, "तुझं मला मार्चमध्येच कळलं. उंबऱ्यापाशी पाय शोधत होतीस. किती वर्षं झाली, तुझी पावलंच बघतेय मी."

"किती वर्षं? म्हणजे?"

"उद्या ये. एकटी ये. कठड्याला घरी ठेव."

११ ऑगस्ट

आईने टेबलावर बाटली ठेवली. तीच. हिरव्या झाकणाची.

"कोरा चहा असायचा यात," ती म्हणाली. "कल्पना त्यांची, चहा माझा. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, रक्तातून उतरतं. दारुड्याच्या मुलीला लोक पदरात घेतात गं, कीव येते म्हणून. रोग्याच्या मुलीला कोण करून घेणार?"

"आणि तू त्यांना एवढं बोलायचीस ते?"

"खिडकी उघडी ठेवून बोलायचे मी. लावली की दोघं हसायचो."

माझा तोल गेला. बसल्याजागी. तिने माझा हात धरला.

"मोरीत ओतलास तेवढाच वाया गेला. एरवी दर रविवारी मी ताजा भरायचे. बिनसाखरेचा हो. नाहीतर मुंग्या लागायच्या."