रविवारची ड्यूटी

आई, तुला गाडी चालवता येत होती. एवढं एक वाक्य लिहून मी मघापासून नुसती बघत बसले आहे, समोरचा चहा गार झाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, आता तुझ्याबद्दल नवं काही कळायचं राहिलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि कळलं तेही कुठे, तर भर रस्त्यात, मारुती मंदिरच्या सर्कलला, चारचौघांत.

इथे नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांचं एक मंडळ आहे. शिक्षिका, नर्स, वकीलबाई, मासळी विकणारी, शिवणकाम करणारी, सगळ्या एकत्र. एकीच्या दुकानात दुसरीने गिऱ्हाईक न्यायचं, एकीच्या मुलीला नोकरी हवी असेल तर दुसरीने ओळखीत शब्द टाकायचा, आणि अधूनमधून खेडोपाडी जाऊन बायकांचं रक्त तपासायचं. मी लॅबमध्ये रक्त काढते म्हणून मला देवरूखकडच्या एका शिबिराला नेलं आणि मी त्यांच्यातलीच होऊन गेले. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस हे मी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मंडळातल्या सगळ्यात जुन्या बाई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर, माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मला वाटलं, वय झालं बिचारीचं.

मग गेल्या महिन्यात मंडळाने गावातून गाड्यांची फेरी काढली. स्कूटी घेऊन बायका रांगेत उभ्या, हॉर्न वाजतायत, आणि सिस्टरनी सगळ्यांसमोर माझ्या हातात किल्ली ठेवली. "पयली गाडी तू काढायचीस." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, " हिच्या आईने शिकवलंन आम्हाला. मिरजोळ्याला, कारखान्यांच्या रस्त्यावर. रविवारी तिथे चिटपाखरू नसायचं." मी हसलेच. म्हटलं, सिस्टर, तुमची काहीतरी गल्लत होतेय, माझी आई सायकलच्या मागे बसायलाही घाबरायची. "ती घाबरायची? अगो, मला पाठी बसवून भाट्याच्या पुलावरनं नेलंन तिने, पदर खोचून!"

मी किल्ली मुठीत धरून तिथेच उभी. मागून कुणीतरी ओरडलं, "काढा की गाडी!" तेव्हा मी कसंबसं म्हणाले, मला येत नाही. "काय येत नाही?" गाडी. हॉर्न बंद झाले. आता थक्क व्हायची पाळी त्यांची होती. तुझ्या मुलीला गाडी येत नसेल हे त्यांतल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटी मी मासळीवालीच्या मागे बसून सगळी फेरी केली, मान खाली घालून.

तेव्हापासून तुझी रविवारची ड्यूटी डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा मुंबईला, घरात आपण दोघीच. सकाळी तू दारात उभी आहेस, छत्री काखेत, चप्पल चढवता चढवता सांगतेयस, "रविवारची ड्यूटी लागलीय गो, भात लावून ठेव." दुपारी येतेस ती पायांवर तांबडी माती घेऊन, चेहरा उन्हाने रापलेला, आणि वर गुणगुणत आमटीला फोडणी देतेस. मी आपली एक्स्चेंजच्या साहेबांना शिव्या घालायची, माझ्या आईला एक सुट्टी म्हणून देत नाहीत. टेबलाशी बसून फोन जोडणाऱ्या बाईच्या पायांना माती कुठून लागते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. इतकी वर्षं रोज लोकांच्या शिरा शोधते मी, आणि हे मला दिसू नये!

आणि ती सायकल. बाबांनी गणपतीला आणलेली. शाळेच्या मैदानावर मी पॅडल मारतेय, तू कॅरिअर धरून मागे धावतेयस. "सोड ना गं!" मी ओरडतेय. तू सोडत नाहीस. मैदान संपलं तरी सोडत नाहीस. घरी येऊन शेजारणीला सांगितलंस, "हिला नाही जमायचं," आणि सायकल मामाच्या मुलीकडे गेली. तुझं ते वाक्य मी खरं धरून चालले, आई. आजतागायत रिक्षाने फिरते. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले मला नावाने ओळखतात.

फेरीच्या संध्याकाळी मी तडक सिस्टरकडे गेले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी कोकम सरबत दिलं, ते तसंच ठेवून विचारलं, आईने जगाला शिकवलं, मग मला का नाही? त्यांनी पेला पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आमची एक रीत होती बाय. पाठून धरायचं आणि वेळ आली की न सांगता सोडायचं. तुझी आई बरोब्बर सोडायची. एकदा मीच विचारलं, लेकीला कधी आणतेस? तर म्हटलंन, दुसऱ्यांच्या पाठचा हात सुटतो गो माझा. तिच्या पाठचा नाही सुटत. एकदा बघून झालंय."

म्हणजे जमत नव्हतं ते तुला. मग माझ्या नावावर का खपवलंस गं? शेजारणीसमोर 'मला नाही जमत' म्हणायला काय झालं होतं? मी रडले आई, तिथेच, त्यांच्या पडवीत. दुःखाने की रागाने ते अजून नीटसं कळलेलं नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? घडी करून डिकीत ठेवून देईन. हो, गाडी घेतली आहे. गेल्या रविवारी मिरजोळ्याला गेलो होतो. सिस्टर कडेला खुर्ची टाकून बसल्या, मासळीवाली मागून धरून धावत होती. रस्ता मोकळा, गाडी सरळ चाललेली, हात स्थिर. तिने रीत मोडली, सोडायच्या आधी विचारलंन, "आता सोडू गो?"

जन्मभर मी तुझ्यावर एकाच गोष्टीसाठी, तू मागचा हात सोडला नाहीस म्हणून, रुसून होते ना? तर तुला म्हणून सांगते, मी केवढ्याने तरी ओरडले, "सोडू नका!"