उसवायची राहिलेली बाहुली

१२ मार्च

पोचले एकदाची! पायाशी बॅग, मांडीवर शेजारी बसलेल्या बाईची कोंबडी आणि खांद्यावर तिच्या घोरणाऱ्या नवऱ्याचं डोकं, अशा थाटात खचाखच भरलेल्या टॅक्सीतून नवरी सासरी आली. सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. लेया त्यांचं नाव. मला बघताच त्यांनी अशी आनंदाची आरोळी ठोकली की आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या. एकीने माझी बॅग ओढली, दुसरीने गाल ओढला. फिकिले, फार उशीर केलास गं, म्हणाल्या, जशी काही मी टॅक्सी चुकवली होती.

घराच्या भिंती माझ्यासाठी नव्याने रंगवल्यात. काळ्या रेघा इतक्या सरळ, की पट्टी लावून काढल्या का असं विचारलं. सासूबाई हसल्या. पट्टी कसली, कोंबडीचं पीस, म्हणाल्या. रात्री मक्याची उकड, रानभाजी आणि कैरीचं लोणचं. मी तीनदा वाढून घेतलं.

माझा नवरा व्हेलाफी उद्या खाणीवर परत जाईल, आता महिन्याच्या शेवटीच येईल. त्याची पहिली बायको तापाने गेली, एवढं त्याने लग्नाआधी सांगितलंय. मी पुढे विचारलं नाही. पस्तिशीला मिळालेल्या नवऱ्याचे फार धागे ओढू नयेत.

मला मूल हवंय. प्रिटोरियात दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. तोंडाने हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

२० मार्च

रोझिना आजींच्या ओसरीवर मण्यांचं काम करणाऱ्या बायका जमतात. आज मलाही नेलं. काय मजा आली! मधे चादर, तिच्यावर मण्यांच्या वाट्या, सगळ्याजणी पाय पसरून बसलेल्या, आणि हाताइतकीच तोंडं चालू. कुणी गाणं उचललं की बाकीच्या सुई न थांबवता साथ देतात. शहरातून येणाऱ्यांना विकायच्या बाहुल्या, गळ्यातली कडी, नवरीची वस्त्रं, सगळं याच चादरीवर जन्माला येतं.

मी ओवलेली पहिली ओळ बघून रोझिना आजी म्हणाल्या, ही ओळ आहे की पिऊन घरी निघालेला जावई? सगळ्या लोळून हसल्या, मीसुद्धा. शेजारची पॉपी मला गाठ शिकवते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे गाठीबरोबर गावाची सगळी भानगड फुकटात कळते.

एक गंमत. इथे कात्री नाही. दोरा दातांनी तोडतात. मी पिशवीतून माझी कात्री काढली तर रोझिना आजींनी ती उचलून पाठीमागे ठेवली. बाहुलीजवळ पातं आणायचं नाही, म्हणाल्या. बाहुली मोडायचीच असेल तर जिने गाठ मारली तिनेच, शेवटच्या गाठीपासून उलटं उसवत जायचं.

३ एप्रिल

सासूबाईंनी आज मला माझी बाहुली दिली. आमच्यात सासू सुनेला देते तशीच. हातभर उंच, गळ्यात कडी, अंगभर मणी, पांढऱ्या मण्यांचे डोळे. हिचं नाव मी ठेवायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि पहिल्या बाळाला तेच द्यायचं. शहरातल्या माझ्या मैत्रिणी याला हसतील. मला मात्र रडू आलं. नाव तिथल्या तिथे सुचलं: लुंगिले.

बाहुली भलतीच जड आहे. एवढं काय भरलंय म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, माया भरलीय. आणि लगेच चहा टाकायला उठल्या.

२८ मे

राहिलं! दवाखान्यातली नर्ससुद्धा हसली. व्हेलाफी फोनवर नुसता नाक ओढत राहिला. ओसरीवर बायकांनी मला मधे बसवून गाणं म्हटलं, पॉपी तर नाचली. आयुष्यात इतक्या बायका माझ्यासाठी एकदम कधी खूश झाल्या नव्हत्या.

२० जून

आज जरा विचित्र झालं. बाहुली मी हौसेने ओसरीवर घेऊन गेले. रोझिना आजींनी ती तळहातावर तोलली आणि त्यांचं गाणं मधेच थांबलं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी वाटीत पाहिलं. मग आजींनी विचारलं, लेया, ही नवीनच केलीस ना? सासूबाई म्हणाल्या, नवीन नाही तर काय, तुझ्यासारखं शिळं देते का मी? बाकीच्या हसल्या. आजी हसल्या नाहीत.

घरी येताना सासूबाईंनी बजावलं, बाहुली पुन्हा बाहेर न्यायची नाही. लोकांची नजर चांगली नसते.

प्रिटोरियात इतकी वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसून माझी नजर आधी माणसाच्या हातांकडे जाते. काही लपवलं असलं की बोटं सांगतात. सासूबाईंची बोटं आज वाटीत एकच मणी फिरवत होती. कुठेतरी पाणी मुरतंय.

१४ जुलै

मी ओसरीवर गेले की बोलणं थांबतं. मग कुणीतरी थंडीबद्दल काहीतरी म्हणतं. पॉपीला बाजूला घेतलं, तर तीसुद्धा मूग गिळून बसली. पॉपी! जिला गावातल्या कुत्र्यांचीही लफडी माहीत असतात!

वाटतं, यांना माझं बाळ बघवत नाही. मग वाटतं, याच तर नाचल्या होत्या.

९ ऑगस्ट

बाहुलीच्या काखेतली एक ओळ सैल झालीय. बोटाने बाजूला केली, तर खाली आणखी मणी. कापड नाही, मणीच. जुने, गडद निळे. असे निळे मणी आता कुठे मिळत नाहीत म्हणून रोझिना आजी नेहमी हळहळतात.

म्हणजे हिच्या आत आणखी एक बाहुली आहे. वरून नवी कातडी चढवलेली.

सासूबाईंना काही बोलले नाही. त्या मात्र संध्याकाळी न विचारता आल्या, तेवढीच ओळ घट्ट करून गेल्या. त्यांना कसं कळलं?

३० ऑगस्ट

बाळ हललं! दुपारी, भांडी घासताना. हात साबणाचे तसेच ठेवून उभी राहिले. हळूच हाक मारली, लुंगिले. पुन्हा मारली. काही नाही. झोपलं असेल.

३ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या माझ्या बाहुलीला मांडीवर घेऊन बोलत होत्या. सोन्तो, म्हणाल्या, भूक लागली का गं, सोन्तो?

पोटात लाथ बसली.

मी हातातली घडी धरून थांबले. त्यांनी पुन्हा सोन्तो म्हटलं. पुन्हा लाथ. मग मी माझ्या तोंडाने लुंगिले म्हटलं, तीनदा, चारदा. पोट गप्प.

६ सप्टेंबर

पॉपीला घरात घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. बोलल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं. ती रडायलाच लागली. मग बोलली.

व्हेलाफीची पहिली बायको तापाने गेली नाही. बाळंत होताना गेली, याच घरात, आणि बाळही तिच्याबरोबर गेलं. तिलाही सासूने दिलेल्या बाहुलीचं नाव, म्हणजे सोन्तोच असणार, तिने सासूला सांगून ठेवलं होतं. जिचं मूल जगत नाही तिची बाहुली सासूने उसवायची असते, आणि मणी सगळ्या बायकांनी आपापल्या कामात ओवून टाकायचे. म्हणजे नाव पांगतं, त्याची ओढ संपते. सासूबाई दरवेळी म्हणायच्या, उद्या उसवते. मग म्हणाल्या, उसवली. कुणाच्याच हाती मणी आले नाहीत, पण नात गेलेल्या बाईला कोण खोदून विचारणार?

आणि ती मला दिली?

पॉपी म्हणाली, जड आहे म्हणूनच आजींना संशय आला. त्यांना खात्री करायची होती, मगच तुला सांगणार होत्या. अगं, तुला उगाच घाबरवायचं नव्हतं.

मला कुणावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही. पॉपीवरही नाही. ती रडत होती, पण जाताना तिने पलंगाकडे, बाहुलीकडे बघून घेतलं.

७ सप्टेंबर

व्हेलाफीला फोन केला. ताप म्हणून का सांगितलंस म्हटलं. म्हणाला, खरं सांगितलं असतं तर आली असतीस का? सोन्तोबद्दल विचारलं. तर म्हणाला, ते नाव तुला कोणी सांगितलं? आणि मग, आई म्हणते तसं कर.

आईचाच लेक.

११ सप्टेंबर

सगळ्या आल्या. रोझिना आजी पुढे, बाकीच्या अंगणात बसलेल्या, रिकाम्या वाट्या घेऊन. आजी म्हणाल्या, बाहुली दे पोरी. लेया आमच्यासमोर उसवेल, आम्ही मणी वाटून घेऊ. एका पोटात दोन नावं राहत नाहीत.

सासूबाई माझ्यापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. देऊ नकोस गं, म्हणाल्या, ही उसवली की पोटातलंही उसवेल. या मत्सरी बाया तुझं लेकरू वाटून नेतील. सोन्तोला एकदा येऊ दे. तिचा काय दोष? ती माझी नात आहे.

पण माझी लुंगिले? तिचा काय दोष?

मी दोघींकडे पाहिलं. एक म्हणते दे, एक म्हणते देऊ नको. दोघींच्या डोळ्यांत पाणी. गल्ल्यावर मी रडणाऱ्या चोरणीही पाहिल्यात.

बाहुली उचलली, आतल्या खोलीत आले, कडी लावली. बाळ माझं आहे. ठरवीन ते मी ठरवीन.

१२ सप्टेंबर, सकाळ

दोघी बाहेर बसून आहेत. सासूबाई दाराशी, आजी खिडकीशी. एकमेकींशी बोलत नाहीत.

बाहुली आणखी जड झालीय. मांडीला रग लागते.

काल आजींनी खिडकीतून सांगितलं, काही झालं तरी कापू नकोस. उसवलं की नाव पांगतं. कापलं की एकदम सुटतं, आणि सुटलेलं नाव जवळच्या अंगात घर बघतं. असं म्हणाल्या. पण त्यांना बाहुली हवीच आहे, त्या असंच म्हणणार. मला फक्त बघायचंय. ज्याची पिशवी जड, त्याची पिशवी उघडून बघायची. इतकी वर्षं तेच केलं.

आजींनी परत दिलेली कात्री पिशवीतच आहे, वरचाच दोरा कापेन. एवढासा.

दुपार

आत निळी बाहुली आहे. लहान. तिच्या पोटाशी आणखी —

खालचा दोराही कापला गेला. मी नाही — पातं घसरलं. मणी सांडतायत. चादर भरली, जमीन भरली, अजून सांडतायत. एवढे मावतील कसे —

हातात नुसती चिंधी उरली. हलकी.

बाळ हलत नाही.

नंतर

लुंगिले. लुंगिले. लुंगिले. किती वेळा म्हटलं. काही नाही. पाणी प्यायले, कुशीवर झोपले, पोटावर हात आपटला. काही नाही.

पहिल्या दोन वेळीही असंच गप्प झालं होतं. ही शांतता मला माहीत आहे —

खिडकीतून आजी ओरडतायत. त्यांना मण्यांचा आवाज गेला. म्हणतायत, ते जुनं नाव तोंडातून काढू नकोस, फिकिले! दार उघड, आम्ही वेचतो, सगळ्या मिळून वेचतो, अजून वेळ आहे. ते नाव घेऊ नकोस!

दाराशी सासूबाई. हळू आवाजात. एकदाच हाक मार गं. हलेल. बघ, नक्की हलेल —

उघडायला जाते, तर पायाखाली मणी. पडले तर —

हलत नाही. थंड वाटतंय.

मला जिवंत हवंय. कुठल्याही नावाचं —

लुंगिले, मला माफ —

मी म्हटलं. सोन्तो.

हललं! देवा, हललं! हसतेय मी, रडतेय —

थांब.

ही लाथ नाही. बारीक. टोचतं, मग ओढतं. ओळीने. डावीकडून उजवीकडे, मग परत — हा हात मला माहीत आहे, ओसरीवर रोज बघते — आतून कुणीतरी ओवतंय. मला —

बाहुलीसारखं, पायापासून सुरू केलं होतं. आता छातीशी. बोटं जड झाली, लिहिता — आजी दार तोडतायत, पण ती लवकर — गळ्याशी — टोचतं, ओढतं. टोचतं, ओढ